पाटाचे पाणी आणि तापाचे गणित

म्हैसूर-नंजनगूड मार्गावरील कडकोळच्या परिसरात कपिला, म्हणजेच काबिनी, नदीच्या पाण्याचा विचार करणाऱ्या स्थापत्य अभियंत्याला केवळ विसर्ग, म्हणजे ठरावीक वेळात वाहणारे पाणी, मोजून थांबता येत नाही. कारण पाटाच्या कडेने पाझरून गुरांच्या खुरांच्या ठशांत साचलेले ओंजळभर पाणीही हिवतापाच्या डासाला पुरते. पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणाऱ्या अभियंता विश्वेश्वरय्यांच्या काळात १९११ साली कावेरीवर कृष्णराजसागराचे काम सुरू झाले, पुढे त्याच्या कालव्याने मंड्याच्या कोरडवाहू रानात भात आणला आणि भातामागून हिवतापही आला. याचा दोष धरणाला देणे सोपे, पण उथळ आहे. पाण्याला वाट मिळाली, निचऱ्याला मिळाली नाही, एवढेच.

त्याच काळात रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा प्रसार समीकरणांत मांडला होता. अशा मांडणीला प्रतिमान म्हणतात, आणि हवामान त्यात तापमानाच्या रूपाने शिरते: फाल्सिपारम जातीच्या परजीवीला डासाच्या शरीरात पक्व होण्यास सरासरी २० अंश सेल्सियसला सुमारे २८ दिवस लागतात, २५ अंशांना जेमतेम १२; डासाचे आयुष्यच काही आठवड्यांचे असल्याने हा फरक निर्णायक ठरतो. तरीही, उकाडा फार वाढला की डासही टिकत नाही, त्यामुळे ‘ऊन वाढले की ताप वाढला’ हे सरळ त्रैराशिक येथे चालत नाही, आणि डास वाढू नयेत म्हणून पाट आठवड्यातून एखादा दिवस कोरडा ठेवण्याची पाळी मात्र अभियंत्याच्याच वहीत लिहावी लागते.