सुट्टीचं पाठ टाचण



पाठ टाचणात घटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य यांच्याबरोबर एक रकाना पूर्वज्ञानाचा असतो. तो बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. आज मी ज्या टाचणाबद्दल लिहिणार आहे, त्यात मात्र सगळं काम त्याच रकान्याने केलं. हे टाचण शाळेचं नाही, सुट्टीचं आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही थायलंडला जाणार आहोत आणि नियोजन माझ्याकडे आहे.

आम्ही मोशीला राहतो. मिस्टर चाकण एमआयडीसीत, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. चार वर्षांची आवर्ती ठेव दिवाळीच्या आधी पूर्ण होतेय. एरवी असे पैसे कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे: घराचा हप्ता, मुलांची फी, गाडीचं काम. या वेळी ठरवलं होतं की एकदा तरी ऐसपैस सुट्टी घ्यायची. नदी दिसणारी खोली, सकाळी गजर नाही, आणि मला आवडणारं थाई जेवण तिथल्याच माणसांकडून शिकायचं. वाकड-बाणेरकडच्या हॉटेलांत मिळणारी हिरवी करी मी खाल्ली आहे. ती मुळात कशी करतात, हे मला बघायचं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते."

त्यांचं कारण साधं होतं. त्या माळकरी आहेत. आळंदी आमच्यापासून जवळ, त्यामुळे एकादशीची वारी चुकत नाही. मांसमच्छीचा प्रश्नच नाही, शिवाय चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. आषाढात कांदेनवमीला भजी झाली की ते थेट कार्तिकी एकादशीनंतर. आणि आमची सुट्टी नेमकी त्याच्या आत येते. नणंदबाई म्हणाल्या, "त्यांना तिथे उपाशी ठेवणार का? आणि सुट्टीत पण स्वयंपाकच करायचा? त्यांनी आयुष्यभर दुसरं काय केलं?"

दुसरा प्रश्न मला लागला, कारण तो खरा होता. सासरे पिंपरीतल्या कंपनीत होते. फर्स्ट शिफ्ट असली की सासूबाई पहाटे चारला उठायच्या. सहाच्या आत कंपनीची बस नाक्यावर यायची. नाइट असली की संध्याकाळी परत डबा. दर आठवड्याला घड्याळ बदलायचं आणि त्याबरोबर पोळ्यांची वेळ. सासरे निवृत्त झाले तोवर मुलाची शिफ्ट सुरू झाली होती. सासरे जाऊन आता सात वर्षं झाली, तरी सासूबाईंना पहाटे चारला जाग येतेच.

सोपा मार्ग समोर होता. टूरच्या पॅकेजमध्ये रोज संध्याकाळी भारतीय जेवण मिळतं. एका एजंटने सांगितलं, "मॅडम, काळजीच नको, तिथेही वरण-भात देऊ." पण मग थाई जेवण हा घटकच टाचणातून गेला. दुसरा मार्ग म्हणजे सासूबाईंना खरंच घरी ठेवायचं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाबद्दल "याला नाही जमायचं" म्हणून आपण पुढचा धडा घेतो, तसं. दोन्ही मला नको होते. मग मी वही काढली आणि पूर्वज्ञानापासून सुरुवात केली. सासूबाईंना आधीपासून काय माहीत आहे, याची यादी.

पहिली नोंद झाली शब्दांची. बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. जुन्या राजधानीचं नाव अयुत्थया, म्हणजे आपली अयोध्या. थाई भाषेत जेवणाला 'आहान' म्हणतात, पण लिहितात 'आहार'. चवीचा शब्द लिहितात 'रस', म्हणतात 'रोत'. शाकाहाराला 'मांगसाविरात' म्हणतात, तो शब्द मांस आणि विरती यांतून आलेला. सासूबाई चौथी शिकलेल्या, पण कीर्तनात विरती शब्द त्यांनी शेकडो वेळा ऐकलाय. "मांसाची विरती," त्या लगेच म्हणाल्या. मला फोड करून सांगावी लागली नाही.

दुसरी नोंद साहित्याची. पाद थाई हा तिथला प्रसिद्ध नूडल्सचा प्रकार. १९३९ मध्ये सयामचं नाव थायलंड झालं, त्या सुमाराच्या काळात पंतप्रधान फिबुन सोंगख्राम यांच्या राजवटीत तो राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आणला गेला. त्यात काय असतं? चिंचेचा कोळ, गूळ आणि भाजलेले दाणे. चिंचवडच्या नावातच चिंच आहे, आणि दाण्याच्या कुटाशिवाय आपली भाजी पूर्ण होत नाही. सुपात गवती चहा असतो. आल्यासारखी दिसणारी एक मुळी असते, ती म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात घशासाठी मिळणारं कुलिंजन. करीला नारळाचं दूध. आणि वाटण मिक्सरमध्ये नाही, दगडी खलात कुटून. आमच्या घरचा खलबत्ता सासूबाईंच्या माहेरून आलाय.

तिसरी नोंद अडचणींची. थाई स्वयंपाकात मीठ बऱ्याचदा माशाच्या सॉसमधून येतं, त्याला 'नाम प्ला' म्हणतात. करीच्या वाटणात कोळंबीचं आंबवलेलं वाटण असतं, ते 'कापी'. त्यामुळे नुसतं "व्हेज" म्हणून चालत नाही. भाज्याच दिसतात, पण आत मासा असतो. वाटणात लसूण आणि छोटे कांदे तर असतातच.

इथे टाचण अडलं. आणि जो नियम अडचण वाटत होता, त्यानेच वाट दाखवली. थायलंडमध्ये चिनी वंशाच्या बौद्धांची एक जेवणाची रीत आहे, तिला 'जे' म्हणतात. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणसुद्धा नाही. त्याचा नऊ दिवसांचा मोठा उत्सव असतो. फुकेतचा सगळ्यात प्रसिद्ध, आणि पुष्कळदा तो आपल्या नवरात्राच्याच सुमारास येतो. पण 'जे' जेवण देणारी दुकानं वर्षभर असतात. दारावर पिवळ्या रंगावर लाल अक्षरं, आणि ती दिसतात इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी. सासूबाईंना मी मोबाइलवर चित्र दाखवलं. "म्हणजे त्यांचाही चातुर्मास आहे की," त्या म्हणाल्या. "नऊ दिवसांचा का असेना."

मग मी त्यांना एक वाक्य शिकवलं: 'माय साय नाम प्ला'. म्हणजे माशाचा सॉस घालू नका. माय, दुधावरची साय, आणि देवाचं नाम. पहिले तीन शब्द त्यांच्याच घरातले निघाले. पाठ व्हायला एक मिनिट लागलं नाही. आता भाजी निवडताना पुटपुटत असतात.

चौथी गोष्ट मी लपवली नाही. थाई लोक जी पाद क्राफाव नावाची परतलेली भाजी करतात, त्यात तुळस असते. सब्जा नाही, आपली वृंदावनातली तुळस, तीच जात. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या बाईला हे कसं सांगायचं, याचा मी दोन दिवस विचार केला. पण तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काढ्यात आपणही घालतो. पण कढईत मी नाही घालायची. त्यांनी घातली तर ती त्यांची रीत." ठरलं. हिरव्या करीत वेगळी पानं असतात, ती आपल्या सब्ज्याच्या जातीची. आम्ही वर्गासाठी हिरवी करीच निवडली, आणि सूप अळंबी घालून. तोम यम कुंग या सुपाला युनेस्कोने २०२४ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय, पण कुंग म्हणजे कोळंबी. आमचं सूप कुंगशिवाय.

राहिला नणंदबाईंचा प्रश्न. चियांग माईमध्ये १९९० च्या दशकापासून परदेशी पाहुण्यांना स्वयंपाक शिकवणाऱ्या शाळा आहेत. अर्ध्या दिवसाचा वर्ग असतो. आधी बाजारात नेऊन भाज्या ओळखायला लावतात, मग प्रत्येकाला आपापली शेगडी. साहित्य धुऊन, मोजून समोर ठेवलेलं. मी हे वाचून दाखवत होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "भांडी कोण घासतं?"

"तिथली माणसं."

"आणि केलेलं कोण खातं?"

"आपणच. बसून. गरम."

"डबा नाही भरायचा कुणाचा?"

"नाही."

मग त्या म्हणाल्या, "मला स्वयंपाक कुणी शिकवला नाही गं. अंगावर पडला. बघू, कसं शिकवतात ते."

माझ्या वहीत ऐसपैस सुट्टीची जी व्याख्या होती, ती त्या दिवशी मी खोडली. नदीकाठच्या खोलीचे पैसे भरता येतात. पण चाळीस वर्षं चुलीपुढे, मग गॅसपुढे उभ्या राहिलेल्या बाईला विद्यार्थी म्हणून बसायला मिळणं, चुकलं तरी कुणाची बस चुकणार नाही, ही चैन मी यादीत धरलीच नव्हती.

आता हिशेब, कारण पालक विचारतील. भाऊबीज झाली की निघायचं. पाच रात्री, माझ्या दोन किरकोळ रजा, आणि कार्तिकी एकादशीच्या आत घरी. उन्हाळ्याच्या सुट्टीचा विचार सोडला, कारण तेव्हा तिथे ऊन कडक, आणि फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माईवर शेतं आणि रानं जाळल्याचा धूर असतो. दोन रात्री बँकॉकला चांगल्या हॉटेलात, तीन रात्री चियांग माईला साध्या. अंतर सुमारे ७०० किलोमीटर, विमानाने साधारण सव्वा तास. घड्याळ आपल्यापुढे दीड तास, म्हणजे सासूबाईंची चारची जाग तिथे साडेपाचला. बाट म्हणजे अडीच रुपये धरून चालले. साध्या शाळेच्या वर्गाला माणशी हजार ते दीड हजार बाट, पंचतारांकित हॉटेलातल्या वर्गाला त्याच्या कितीतरी पट. म्हणून खोलीवर थोडा खर्च केला आणि वर्ग साधा घेतला. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते दूतावासाच्या संकेतस्थळावरच बघावेत. २०२५ च्या मेपासून तिथे उतरण्याआधी आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो.

शाळेत मी या सहलीबद्दल बोलले नाही. माझ्या वर्गात निम्म्या मुलांचे वडील ठेकेदाराकडे रोजावर आहेत. विमानाच्या तिकिटावर गणित घालावं असं वाटलं नाही. पण चिंच मात्र वर्गात नेली. चौथीच्या परिसर अभ्यासाच्या तासाला प्रत्येकाने तिचं घरचं नाव सांगायचं. इमली आलं, तेंतुळी आलं, हुणसे आलं. मी फळ्यावर शेवटी 'माखाम' लिहिलं आणि सांगितलं, हे थायलंडचं. मग चिंच, दाणे, मिरची आणि तुळस मांडून विचारलं, यातलं मूळचं इथलं काय? मिरची आणि शेंगदाणे पार अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आले, चिंच त्याही आधी आफ्रिकेतून, हे ऐकल्यावर एकच गोंधळ. "मग ठेचा कुणाचा, बाई?" एकाने विचारलं. हा उपक्रम तुम्हीही घेऊन बघा, साहित्याचा खर्च दहा रुपये.

घरी टाचण जवळजवळ पूर्ण झालंय. सासूबाईंनी पासपोर्टसाठी फोटो काढला. अर्जावर सही करण्याआधी त्यांनी माझ्या मुलीच्या दुरेघी वहीत तीन पानं सराव केला. मूल्यमापनाचा रकाना अजून रिकामा आहे. तो तिथून आल्यावर त्याच भरणार आहेत, हिरवी करी घरी करून. चातुर्मास संपल्यावर, कांदा घालून.