बेताने तळावे

आजीच्या वहीत अनारशांचं पान शोधावं लागत नाही. वही हातात घेतली की ती तिथेच उघडते. कागद तुपाने इतका पारदर्शक झालाय की मागच्या पानावरचं लिंबाचं लोणचं उलट्या अक्षरांत इकडे दिसतं. कृती जेमतेम चार ओळींची. 'तांदूळ तीन दिवस भिजत घालावे, रोज पाणी बदलावे. कपड्यावर पसरून दमट असतानाच कुटावे, चाळावे. पिठाइतका गूळ, थोडे तूप, गोळा करून ठेवावा. खसखशीवर थापून बेताने तळावे.'

सगळी विद्या त्या 'बेताने'मध्ये आहे, आणि ती कागदावर उतरलेली नाही. तूप किती तापवायचं? खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, जाळी पडली की अलगद उचलून नितळत ठेवायचा, हे आजीने लिहिलं नाही. तिला लिहायची गरजच नव्हती. वही वाचणारी पोर शेजारी पाटावर बसलेली असणार, हे तिने गृहीत धरलं होतं. अनारसा तुपात हसला, म्हणजे फसफसून विरघळायला लागला, की पिठात जरा तांदळाची कोरडी पिठी मिसळायची. पीठ घट्ट झालं तर केळ्याचा लहानसा तुकडा कुस्करून घालायचा. हे सगळं आईने पाहून पाहून उचललं आणि समासात निळ्या शाईने लिहून ठेवलं. आजीची काळी शाई, आईची निळी. एका पानावर दोन पिढ्या अशा शेजारी बसल्या आहेत आणि मला ते पान घरातल्या कुठल्याही दागिन्यापेक्षा मोलाचं वाटतं.

वहीतली मापं तर वेगळंच प्रकरण. सुरुवातीच्या पानांवर शेर, चिपटं, मापटं, छटाक. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, हा हिशेब आजीच्या जिभेवर असे. 1956 च्या कायद्याने दशमान वजनमापं आली आणि पुढच्या पानांवर हळूहळू किलो-ग्रॅम दिसू लागतात. पण खरं राज्य शेवटपर्यंत वाटीचंच. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची, अर्धी मुगाची, वर धणे-जिरे. वाटी कुठलीही चालते, फक्त सगळ्याला तीच हवी. मात्र जिथे 'वाटीला दोन चमचे मोहन' लिहिलंय, तिथे ती वाटी कोणती आणि तो चमचा कोणता, हे कळल्यावाचून चकली खुसखुशीत होत नाही. आमच्याकडे ती पितळी, काठाला पोचा आलेली वाटी अजून डाळीच्या डब्यात आहे. कित्येक घरांतून अशा वाट्या मोडीत गेल्या आणि वहीतलं अर्धं ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं.

छापील पुस्तकं नव्हती असं नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' 1910 सालचं, हजार पाकक्रियांचं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 मध्ये आली आणि वाटी-चमच्याच्या मापांमुळे नव्याने संसार मांडलेल्या मुलींचा मोठाच आधार झाली. पुढे 'कालनिर्णय'च्या पानांमागच्या पाककृती कापून वहीत डकवल्या गेल्या. आमच्याही वहीत त्यांची कात्रणं आहेत, खळ लावून चिकटवलेली. पुस्तकाचं ऋण मोठं आहे. पण मिरजेच्या आत्याबाई कटाच्या आमटीत गोडा मसाला केव्हा घालतात, ते पुस्तक कसं सांगणार? वहीत पदार्थांना माणसांची नावं असतात: वन्संचा चिवडा, वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मेतकूट, 'भिशीत खाल्लेला' ढोकळा. कोण कुणाकडे गेलं, कुणी कुणाला मोकळ्या मनाने कृती दिली, याची ती नोंद आहे. बायकांचा पत्रव्यवहार फारसा जपला गेला नाही. त्यांचं हस्ताक्षर घराघरांत उरलंय ते बहुधा अशाच वह्यांमध्ये.

म्हणून वही कपाटात बांधून ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. हल्ली पानांना लॅमिनेशन करून आणतात. गरम करून चिकटवलेलं ते प्लास्टिक पुन्हा सुटत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यावर पुढच्या सुनेला, लेकीला काही लिहिता येत नाही. पानांचे फोटो जरूर काढून ठेवावेत, भावंडांना पाठवावेत. मूळ वही मात्र ओट्याशी येऊ द्यावी. हळदीचे डाग पडतील, पडू देत.

तुमच्या घरी अशी वही असेल तर या दिवाळीच्या आधी ती बाहेर काढा. आई, सासूबाई, मावशी, जी कुणी ती कृती हाताने जाणते, तिला शेजारी बसवा आणि तिच्या देखत पदार्थ करा. 'बेताने', 'अंदाजाने', 'लागेल तसे' असं जिथे जिथे लिहिलंय तिथे थांबून विचारा, म्हणजे किती? पुरणात चमचा उभा राहीपर्यंत, पाक दोनतारी होईपर्यंत, असं जे उत्तर येईल ते समासात लिहा, खाली तारीख घाला. वाटी दाखवायला सांगा आणि तिच्यात किती ग्रॅम तांदूळ मावतात तेही लिहून ठेवा. विचारायला माणूस आहे तोवरच हे काम होतं.