जोर कुठल्या अक्षरावर?

पेरूजाच्या परकीयांसाठीच्या विद्यापीठात, पालात्सो गालेंगामधल्या वर्गात, बाई इटालियन क्रियापदं टाळ्या वाजवून शिकवत. का-पि-ता-नो. मोठी टाळी 'का'वर पडली तर अर्थ 'घडतात'. 'ता'वर पडली तर 'कप्तान'. 'नो'वर पडली तर 'त्याने नेतृत्व केलं'. लिहिताना खूण फक्त तिसऱ्या रूपाला, शेवटच्या स्वरावर. पहिली दोन कागदावर हुबेहूब सारखी.

मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तर शब्द फार तर कानाला खटकतो. इथे अर्थच पालटतो, म्हणून मी कान टवकारून बसे.

सर्वांत जास्त वेळ 'ते'च्या रूपावर जाई. 'पार्-लो' म्हणजे मी बोलतो, जोर 'पार्'वर. 'आम्ही बोलतो' म्हणताना, 'पार्-ल्या-मो'त, तो पुढे सरकतो. मग 'ते बोलतात', म्हणजे 'पार्-ला-नो', म्हणताना जीभ 'ला'वर थांबू बघते, कारण बहुतेक इटालियन शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावरच असतो. पण वर्तमानकाळात हे रूप एकवचनाची जागा सोडत नाही: जोर 'पार्'वरच. 'ते-ले-फो-ना', तो फोन करतो, यात जोर 'ले'वर. म्हणून 'ते-ले-फो-ना-नो'तही 'ले'वरच, शेवटून चौथ्या अक्षरावर. पुढची तिन्ही अक्षरं हलकी, एका दमात. आणि 'फाब्-ब्रि-का-मे-लो', म्हणजे 'मला ते बनवून दे', यात जोर थेट शेवटून पाचव्यावर! हे रूप सगळ्या वर्गाने हौसेने पुन्हापुन्हा म्हणून पाहिलं.

अक्षरं तोडण्याचे नियम मला विशेष आवडले. जोडीचं व्यंजन मधोमध तुटतं: फाब्-ब्रि. पण 'स'नंतर वेगळं व्यंजन आलं की दोन्ही पुढच्या अक्षरात जातात: 'आ-स्पेत्-तो', मी वाट पाहतो. शाळेत लघु-गुरू मोजलेल्या माणसाला हे लगेच जाणवतं. आपल्या वृत्तांत जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं, कारण उच्चारात 'स्' मागे रेलतो. देवनागरी मात्र 'स्पे' एकत्र लिहिते. इटालियन तोड आपल्या लेखणीशी जुळते, जिभेशी नाही.

'एरे'ने संपणाऱ्या मूळ रूपांना मात्र नियम पुरत नाही. 'वेदेरे' (पाहणं) आणि 'तेमेरे' (भिणं) यांत जोर मधल्या अक्षरावर. 'लेज्जेरे' (वाचणं), 'क्रेदेरे' (विश्वास ठेवणं), 'स्क्रीवेरे' (लिहिणं) यांत पहिल्यावर. हे क्रियापदागणिक पाठच करावं लागतं. वर्तमानकाळात मात्र हा भेद उरत नाही: 'वे-दो-नो' आणि 'लेग्-गो-नो', दोन्हींत जोर पहिल्याच अक्षरावर.