तापल्या खापरावर

वैशाखात खानदेशात जाऊ नये, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. मी स्वतः त्याच उन्हात लहानाचा मोठा झालो. तेव्हा या वाटण्यात माझ्या कृतघ्नतेचा भाग किती आणि पुण्याच्या हवेचा किती, याचा निर्णय वाचकांनीच करावा. भुसावळपासून पूर्वेला चार कोसांवर वरणगाव आहे. १९६४ साली तेथे काडतुसांचा सरकारी कारखाना निघाला, पुढे आमचे वडील त्यात नोकरीस लागले आणि आमचे बिऱ्हाड तेथे पडले ते कायमचेच. वडील गेले, आम्ही भाऊ पुण्यास आलो. आई मात्र तेथून हलली नाही. मे महिन्यात तेथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढणे ही कुणाला बातमी वाटत नाही. चाळिसाच्या खाली उतरला, तर मात्र लोक एकमेकांना थांबवून विचारतात, की आज झाले आहे तरी काय!

अशा गावी, अशा महिन्यात, भर दुपारी मी एक स्पोर्ट्स कार घेऊन गेलो.

ही मोटार माझ्या वडील बंधूंची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यांतील रुपये-पैसे जुळवीत बसलेल्या या गृहस्थाने निवृत्त होताच कर्ज काढून एक जुनी, तांबडी, दोन आसनांची मोटार विकत घेतली. घरात जे म्हणायचे ते सर्वांनी म्हणून घेतले. मीही म्हणालो. त्यांनी आईला मात्र फोनवरून सांगून टाकले होते, ‘उन्हाळ्यात आलो म्हणजे तुला हिच्यात बसवून तापीवर नेतो.’ जानेवारीत ते गेले. मोटार विकून राहिलेले कर्ज फेडावे, असे वहिनींनी ठरविले; गिऱ्हाईक मिळाले, जूनमध्ये मोटार ताब्यात द्यायची असेही ठरले. त्याआधी आजीला एकदा तरी हिच्यात बसवायचे, असा हट्ट पुतण्याने धरला आणि ज्या वयात असल्या हट्टांना नाही म्हणायचे असते, त्या वयात मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

पहाटे पाचला निघालो. अजिंठ्याचा घाट उतरेपर्यंत मोटारीने आम्हांला तक्रारीस जागा दिली नाही. समोरच्या तबकडीवर उष्णतेचा काटा मधोमध उभा होता, जणू शाळेतला पहिला नंबर. जळगाव गेले, भुसावळ गेले. वाऱ्याच्या झोतात ऊन आहे हेच मुळी कळेना, आणि याच वेळी मला शास्त्र सुचू लागले. पेट्रोल जळते तेव्हा इंजिनच्या पोटात दोन हजार अंशांहून अधिक उष्णता निर्माण होते. अ‍ॅल्युमिनियम तर सहाशे साठ अंशांवरच वितळते. तरी इंजिन वितळत नाही, कारण त्या आगीच्या भोवती पाणी अखंड फिरत असते. जळलेल्या पेट्रोलपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश कामी येते, तेवढेच धुरावाटे जाते आणि उरलेल्या उष्णतेचे ओझे बहुतांशी या बिचाऱ्या पाण्याला वाहावे लागते. ते ओझे त्याने उतरवायचे कोठे, तर पुढच्या रेडिएटरच्या जाळीत. १९०१ सालच्या मर्सिडीज मोटारीसाठी मायबाख नावाच्या कारागिराने ही जाळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी केली. तिच्यात आठ हजार सत्तर बारीक नळ्या होत्या. तेव्हापासून जाळीचे रूप पालटत गेले, तरी तत्त्व तेच राहिले: पाण्याने आपला ताप वाऱ्याला द्यायचा.

पण वारा तो घेण्याच्या स्थितीत हवा ना! पाणी पंचाण्णव अंशांवर आणि हवा वीस अंशांवर असली, तर दोहोंत पंचाहत्तर अंशांचे अंतर राहते. हवा शेहेचाळीस अंशांवर गेली की ते एकोणपन्नासावर येते. म्हणजे तीच जाळी, तेवढाच वारा, पण उष्णता टाकण्याची शक्ती तिसऱ्या हिश्श्याने कमी. हे सर्व मी पुतण्याला समजावून सांगत होतो. तो ‘हं, काका’ म्हणत होता. आणि मोटार वरणगावात शिरली.

खानदेशात लग्ने उन्हाळ्यात होतात, हे मी इतक्या वर्षांत विसरलो होतो. समोर वरात होती. घोड्यावर नवरदेव, पुढे वाजंत्री, त्याच्यापुढे नाचणारी मुले आणि त्यांच्या उत्साहापुढे सूर्यही खाली मान घालील असा रंग. आम्ही त्यांच्या मागे मुंगीच्या पावलाने चाललो. धावत्या मोटारीला वारा आपण होऊन मिळतो. उभ्या मोटारीला तो पंख्याने ओढून घ्यावा लागतो, आणि येथे पंखा ओढीत होता तो डांबरावरून उठणारी वाफाळ हवा. त्यातून वातानुकूलनाची जाळी असते रेडिएटरच्या पुढे. म्हणजे आम्हांला गार ठेवण्याचा मोबदला म्हणून तीही आपली उष्णता त्याच्याच पदरात टाकीत होती. पहिल्या नंबराचा काटा जागेवरून हलला आणि तांबड्या रेघेकडे निघाला.

पुतण्याने वातानुकूलन बंद केले. मग त्याने जे केले ते पाहून मला त्याच्या बुद्धीविषयी शंका आली: त्याने थंडीत लावायचा हीटर पूर्ण उघडला! ‘काका, इंजिनची उष्णता तेवढीच आत येईल,’ तो म्हणाला. युक्ती बरोबर होती. बाहेर शेहेचाळीस अंश, आत भट्टी, समोर सनई, आणि घामाने निथळत आम्ही दोघे इंजिनचा ताप अंगावर घेत बसलेलो. परंतु तेवढ्याने भागले नाही. पुढच्या झाकणाखालून पांढरी वाफ निघाली. एका निंबाखाली मोटार लोटीत नेऊन आम्ही ती बंद केली.

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे वहिनी उभ्या राहिल्या. इंजिनचे डोके तापून वाकडे झाले, म्हणजे जूनमधले गिऱ्हाईक गेले, आणि कर्ज तसेच राहिले. घाबरलेला मनुष्य जे करतो तेच मी केले. जवळच्या ओट्यावर माठ होता. तांब्या भरून घेतला आणि तसाच इंजिनवर ओतायला धावलो.

‘भाऊ, तापेल खापरावर गार पानी टाकतं का कोनी?’

ओट्यावर एक म्हातारी निवडणे घेऊन बसली होती. माझा हात जागीच थांबला. खापर म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे: चुलीवर पालथे घातलेले मातीचे मोठे पसरट भांडे. आखाजीला त्याच्यावर हातभर रुंद पुरणपोळी भाजतात. तापलेल्या खापरावर गार पाणी पडले तर ते तडकते, हे पोळी लाटणाऱ्या प्रत्येक पोरीला ठाऊक असते. आणि तापल्या धातूचेही असेच होते, हे मलाही ठाऊक होते. पण माझे ठाऊक असणे अजिंठ्यापासून भुसावळपर्यंतच पुरले होते.

आम्ही तासाहून अधिक वेळ बसून राहिलो. रेडिएटरचे टोपण लगेच उघडणे हा दुसरा अविचार. दाबाखाली कोंडलेले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण टोपण काढताच त्याची एकदम वाफ होते आणि ती माणसाचे तोंड भाजून काढते. बसल्या बसल्या पुतण्याने जाळीत डोकावून पाहिले. दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत वाळलेल्या पानांचा आणि धुळीचा गच्च थर बसला होता. पाने येथली नव्हती. पुण्याच्या आमच्या अंगणातल्या झाडाची होती. जानेवारीपासून मोटार त्याच झाडाखाली उभी होती आणि तिचे झाकण आम्हां कुणीही उघडले नव्हते. बंधू दर रविवारी उघडीत असत. पुतण्या काही बोलला नाही. खराट्याची एक काडी मागून घेऊन तो एकेक पान बाहेर काढीत राहिला.

पुढे गोणपाट गुंडाळून त्याने टोपण पाव वळसा फिरविले, उरलेली वाफ फुसफुसून जाऊ दिली आणि मग काढले. म्हातारीने माठातले पाणी देण्याचे नाकारले. उन्हात ठेवलेल्या पिंपातले कोमट पाणी तिने दिले, आणि इंजिन चालू ठेवून बारीक धारेने आम्ही ते आत सोडले. काटा मध्यावर येऊन थांबला. डोके वाकलेले नाही, असे भुसावळच्या कारागिराने दुसऱ्या दिवशी तपासून सांगितले, तोवर मला अन्न गोड लागले नाही.

आईला हे सर्व सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘दुपारचे कशाला आलात?’

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला तिला मोटारीत बसविले. आसने दोनच, मी घरी राहिलो. मोटार इतकी ठेंगणी, की आधी तिला आसनाच्या कडेवर टेकवून मग तिचे पाय आत घ्यावे लागले. नातवाने तिला हतनूरच्या धरणाकडे नेले. मी ओट्यावर बसून राहिलो. सहा वाजले, ऊन भिंतीवर उतरले. साडेसहा झाले. प्रत्येक मालमोटारीचा आवाज मला वाफेचा वाटत होता.

सात वाजता ती दोघे आली. आईच्या डोक्यावरचा पदर वाऱ्याने मागे गेला होता, आणि तिने तो तसाच राहू दिला होता. मी पुढच्या झाकणावर हात ठेवून पाहिला. ऊन होते, पण हात ठेवता येत होता.

‘इतकं खाली बसून त्याला रस्ता दिसत होता का रे?’ तिने मला विचारले.

‘दिसत असेल,’ मी म्हणालो.

‘बरं. गाडी सावलीत लाव.’