फुले मंडईहून अण्णांस

हिंदमाता, मुंबई
आषाढ वद्य ३

तीर्थरूप अण्णांचे चरणी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मावशीकडे सुखरूप पोहोचले. पावसाने कालपासून झड धरल्यामुळे चौकात घोट्याच्या वर पाणी आले, तेव्हा कापडवाल्यांनी खालच्या फळीवरचे साड्यांचे गठ्ठे न बोलता वरच्या फळीवर चढविले. परळ व दादर यांच्यामधील हा भाग सखल, आणि भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेईनासा झाला की ते येथे तुंबते, म्हणून पालिकेला जवळपासच्या मैदानांखाली पाणी साठविण्याच्या टाक्यांची तजवीज करावी लागली. बाजाराच्या इमारतीची परीक्षा दर्शनी भागावरून न करता जोत्यावरून व गटाराच्या उतारावरून करावी, असे आपण सांगत असा, त्याचे प्रत्यंतर येथे दारातच मिळाले. उद्या फुले मंडईस जाते.

हिंदमाता
आषाढ वद्य ५

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

लालबाग, भायखळा करीत बस मंडईपाशी आली. १८६९ साली पुरी झालेली ही वास्तू, पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीतली. विल्यम इमर्सनने हिचा आराखडा केला तेव्हा तो पंचविशीच्याही आतला होता, आणि पुढे कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल त्याच्याच हातून झाले. कुर्ल्याचा पिवळसर खडबडीत दगड आणि कमानींना वसईचा तांबूस दगड. प्रवेशद्वारावर समोरच्याच जे. जे. कलाशाळेतील लॉकवुड किपलिंग यांनी कोरलेली शेतकऱ्यांची शिल्पे. १८८२ मध्ये येथे विजेचे दिवे लागले. परंतु आत शिरल्यावर मन खिळून राहिले ते लोखंडी सांगाड्यावर तोललेल्या उंच छपरापाशी: छपरातून उतरणारा उजेड आंब्याच्या पेट्यांवर पडतो तो सावलीसारखा निवळलेला, आणि गरम हवा वरच्या झरोक्यांतून आपोआप निघून जाते, त्यामुळे एवढ्या गर्दीतही फळांचा वास कोंदट होत नाही.

आवार एकंदर सुमारे २२,००० चौरस मीटरांचे, आणि त्यांत मूळ इमारत जेमतेम साडेपाच हजारांची. म्हणजे ज्याला आपण 'वाढीव भाग' म्हणतो त्याच्याच वाट्याला सुमारे पाऊण भूमी. मासळी, मटण, हातगाड्यांची ये-जा हे सारे तेथले. मंडईच्या पुनर्विकासात पालिकेने जुन्या दगडी भागाचे जतन आणि मागील आवारातील नवी बांधणी अशी कामाची विभागणी केली, ती योग्यच होय. मात्र जुन्याशी 'मेळ' साधण्याच्या नादात नव्या भिंतीवर दगडाची पातळ फरशी चिकटवून खोट्या कमानी काढाव्यात, हे मला सर्वथा अमान्य. इमर्सनने आपल्या काळातील लोखंड लाजत लाजत लपविले नाही. मग आजच्या पोलादाने का लपावे? नव्याने जुन्याकडून घ्यावयाचे ते रूप नव्हे, रीत: छप्पर उंच, बाजू मोकळ्या, फरशीला उतार आणि घड्याळाच्या मनोऱ्याला झाकणार नाही इतकी मर्यादित उंची. अनेक मजल्यांचा इमला उठवून हमालाला ओझ्यासह लिफ्टची वाट पाहावयास लावणे म्हणजे मंडईचे गोदाम करणे होय. बाजार जमिनीवर भरतो.

आणखी एक गोष्ट राहून राहून मनात येते. ही मंडई आणि आपली १८८६ची पुण्याची मंडई, दोहोंनाही जोतीराव फुल्यांचे नाव आहे. आणि पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना मंडईच्या खर्चास विरोध करून तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असा आग्रह धरणारे तेच होते. ज्यांच्या घामावर बाजार चालतो त्यांच्या मुलांच्या पदरात काय पडते, हा त्यांचा प्रश्न नव्या इमारतीच्या मंजुरीच्या प्रत्येक कागदावर लिहून ठेवावा असे मला वाटते. भाजीवालीच्या तान्ह्या मुलाला निजावयास जागा, हमालाला पाठ टेकावयास ओटा, बायकांसाठी स्वच्छ शौचालय यांस नकाशात पहिला हक्क असावा, उरलेल्या जागेत गाळे आखावेत. काल एक वृद्ध हमाल रिकामी पाटी उशाला घेऊन चक्क जिन्याच्या पायरीवर निजलेला पाहिला. येणारेजाणारे त्याला ओलांडून जात होते.

पुण्याच्या मंडईत पाटी डोक्यावर घेतलेले दोघे समोरासमोर आले असता अंग न चोरता जाऊ शकतील, यासाठी वाट किती रुंद लागते याचे माप आपण पूर्वी घेतले होते. ते दफ्तरातून शोधून कळवावे. परवा पहाटे, गाड्या रिकाम्या होण्याच्या वेळी, येथले माप मी स्वतः घेणार आहे. आईस नमस्कार.

आपली आज्ञाधारक,
धाकटी