कठीण कोणाला, सोपे कोणाला?

आमच्या वर्गात भूमिती म्हटले की बरेच हात वर होतात आणि अपूर्णांक म्हटले की सगळे खाली बघतात. लोक म्हणतात, "डोके असेल तर गणित येते." पण डोके तर एकच, मग गणिताचा एक भाग सोपा आणि दुसरा कठीण का? याचा मी विचार केला.

आमचे आजोबा चौथीपर्यंत शिकले. तेव्हा रुपयाचे १६ आणे होते. शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ करून घेत. आजही आजोबांना सोळाची सव्वापट विचारा, "वीस!" म्हणून मोकळे. पण १.२५ लिहून दाखवले तर म्हणतात, "हा ठिपका कशाला रे मध्येच?" १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. आम्हाला ठिपका सोपा वाटतो, पावकी कठीण. पाव मात्र तोच!

माझ्या एका मैत्रिणीचे आईवडील तेलंगणातून भिवंडीला मागावर कामाला आले. घरी तेलुगू बोलतात. तेलुगूत ३५ ला 'तीस-पाच' अशा क्रमाने म्हणतात. आपण 'पस्तीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच, मग तीस. आणि लिहिताना आधी ३! ती लहानपणी ऐकून ५३ लिहायची. काहीजण तिला 'ढ' म्हणायचे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. पण तिची अडचण मला त्यातूनच कळली.

तीच मैत्रीण भूमितीत पहिली! म्हणते, "ताणा उभा, बाणा आडवा, झाला काटकोन. रोज बघते मी."

बीजगणितातला 'क्ष' मात्र कोणाच्याच घरी भेटत नाही, म्हणून सगळेच घाबरतो. एकदा गुरुजी म्हणाले, "क्ष म्हणजे झाकलेली टोपली. टोपलीतले आंबे आणि बाहेरचे ५ मिळून १२. टोपलीत किती?" सगळा वर्ग ओरडला, "सात!"

म्हणजे जे आपण पाहिले, हाताळले, बोललो, ते सोपे. बाकीच्याला ओळख करून देणारा कोणीतरी हवा.

म्हणून मित्रहो, कोणाला उदाहरण आले नाही तर 'ढ' म्हणू नका. त्याच्या ओळखीचे काय आहे ते विचारा आणि तिथून सुरुवात करा.

— इयत्ता सातवी