स्वारी

ग्वाल्हेरला दौलतगंजातल्या आत्याच्या घरी सकाळी दोघं जागे होतात, तानपुरा आणि स्वारी. बटण आधी स्वारीचं दाबलं जायचं, पण जागा आधी व्हायचा तानपुरा. आत्या बटण दाबून स्वारीच्या अंगावरचं क्रोशाचं आच्छादन घडी करून ठेवी आणि सतरंजीवर बसून तारा लावायला घेई. पंचम, जोडीचे दोन षड्ज, खर्ज. चारही तारा सुरात येत, जवारीचा दोरा मनासारखा बसे, तरी पडद्यावरचं निळं चक्र आपलं फिरतच असे. ‘उठतेय अजून स्वारी,’ आत्या म्हणे. त्या म्हणण्यात तक्रार नसे. घरातल्या वडीलधाऱ्यांना उठायला वेळ लागतो, तसंच ते.

स्वारी म्हणजे तिचा संगणक. 2015 च्या दिवाळीत महाराज बाड्याजवळच्या एका दुकानातून सुटे भाग जोडून घेतलेला. काळी उभी पेटी, एका बाजूला भाच्याने लहानपणी चिकटवलेलं वाघाचं चित्र. आत्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली. 1918 साली माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू केलेली ती संस्था. गुरूंकडून मिळालेल्या बंदिशी ती गेली कित्येक वर्षं भातखंडे पद्धतीने टिपून ठेवते आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. जुन्या वह्यांची शाई फिकी पडत चालली, म्हणून स्वारी घरात आली. तेव्हा स्वारीला उशीर होतो म्हणजे नुसता संगणकाला उशीर होत नाही. आत्याच्या वयात सकाळच्या ताज्या डोळ्यांची पंधरा-वीस मिनिटं फार मोलाची असतात.

मी पुण्याहून गेलो की सगळे सांगायचे, ‘जुना झालाय, नवीन घे.’ मला ते पटत नव्हतं. जुनेपणाने माणूस सगळ्याच कामांत मंदावतो. स्वारी एकदा उठली की बंदिशीचं पान झटक्यात उघडायची. उठतानाच तिला काहीतरी धरून ठेवत होतं.

एका सकाळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि ‘स्टार्टअप’च्या पानावर गेलो. तिथे तेवीस नावं होती. स्वारीचा स्वभाव मला त्या यादीत दिसला. तिला कुणाला नाही म्हणताच येत नाही.

आत्याचं दौलतगंज ज्या लश्कर भागात आहे, तो मुळात दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ. 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी पडली, ती उठलीच नाही. तंबूंची घरं झाली, बाजार झाले, गंज झाले. स्वारीच्या आतही तसंच घडलं होतं. जो जो प्रोग्रॅम एका कामापुरता आला, त्याने जाताना दाराशी आपला माणूस ठेवला होता. बसवताना ‘पुढे’, ‘पुढे’ असं दाबत गेलं की ही परवानगी आपणच देऊन बसतो. सिस्टिमच्या नोंदवहीत ‘रन’ नावाची एक जागा असते, शिवाय ‘स्टार्टअप’ नावाचा एक फोल्डर असतो. तिथे नाव लागलं की रोज सकाळी हाक मारायची, एवढंच स्वारीला ठाऊक.

कोण होते हे तेवीस जण? भंगारात गेलेल्या प्रिंटरची शाई मोजणारा एक. काकांच्या फोनवरचे फोटो उतरवून घेणारा एक. तो फोनही गेला, काकाही गेले. आतेबहीण परदेशी होती तेव्हाचा व्हिडिओ कॉलचा. भाच्याच्या खेळांचं दुकान. केवळ नवीन आवृत्ती आली का हे पाहायला उठणारे चार. आणि एका ओळीत नुसतंच ‘प्रोग्रॅम’, पुढे कोरं चित्र. मूळ प्रोग्रॅम काढून टाकला आणि नोंद मागे राहिली की असं दिसतं. म्हणजे स्वारी रोज पहाटे अशा एकाला हाका मारत होती, जो घरात उरलाच नव्हता. त्या ओळीपाशी मी जरा थांबलो.

उशीर का होतो, हे आत्याला पंगतीवरून सांगितलं. स्वारीच्या पोटातली हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला हजारो फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर फिरणारा वाचणारा हात. तबकडीवरच्या एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन वाचायला त्या हाताला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर खेपा. पंगतीला एकच वाढपी, आणि तेवीस जण एकाच वेळी ‘इकडे, इकडे’ म्हणतात. वाढपी धावण्यातच थकतो. यादीत प्रत्येकाचा भारही लिहिलेला असतो. सुरू होताना ज्याला प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ किंवा डिस्कवरची तीन एमबीहून अधिक वाचालिखी लागते, त्याच्यापुढे ‘हाय’. असे सात निघाले.

‘मग काढून टाक सगळ्यांना,’ आत्या म्हणाली. मग लगेच, ‘फोटोवाला राहू दे रे.’

काढायचं नव्हतंच. नावावर उजवी कळ दाबून ‘डिसेबल’ केलं, तर प्रोग्रॅम घरातच राहतो; फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. काकांचे फोटो जिथे होते तिथेच असणार होते. हे ऐकल्यावर तिने मान डोलावली. पूर्वी हे काम ‘एमएसकॉन्फिग’ नावाच्या खिडकीत करावं लागे, ती विंडोज 98 पासून होती. 2012 च्या विंडोज 8 पासून ते टास्क मॅनेजरमध्ये आलं. मी एकेक नाव वाचत गेलो, ती हो किंवा नाही म्हणत गेली. सुरक्षेचं चिन्ह मी ठेवलं, आवाजाचं ठेवलं. उत्साहाच्या भरात एक अनोळखी नाव मात्र न विचारता बंद केलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात होतो, तर बैठकीतून हाक आली. ‘अरे, सा लिहिते तर इंग्रजी उमटतंय!’ ते अनोळखी नाव देवनागरी टंकलेखनाचं होतं. आत्याच्या कामासाठी खरोखर उठायलाच हवा असा तेवढा एकच, आणि त्यालाच मी दाराबाहेर बसवलं होतं. ‘एनेबल’ केलं, स्वारी पुन्हा सुरू केली, सा उमटला. तेव्हापासून नाव ओळखीचं नसेल तर हात लावत नाही. आधी त्यावर उजवी कळ दाबून त्याची फाइल कुठल्या जागी आहे ते पाहतो, त्यावरून बहुधा कूळ कळतं.

तेविसांतले सहा उरले.

निघायच्या दिवशी लवकर उठलो. बाहेर दौलतगंजात दुकानांची शटरं अजून खाली होती. आत्याने बटण दाबलं, आच्छादनाची घडी केली, सतरंजीवर बसली. पंचम लागला. जोडीची पहिली तार लागत आली होती, तोच पडद्यावरून उजेड तिच्या हातांवर पडला. तिने वर पाहिलं. फायली मांडून स्वारी तयार होती, भैरवातली बंदीश कालच्या जागी अर्धी टिपलेली.

‘थांब हं जरा,’ आत्या स्वारीला म्हणाली आणि दुसऱ्या षड्जाची खुंटी पिळू लागली.